उकंडमामाची पोटरी

रिसोडच्या बाजारात उकंडराव सोयाबीनची पोती वाहतात. आवाज असा, की ट्रकवाला भोंगा वाजवायच्या आधी त्यांच्याकडे बघतो. फळीवरून उतरताना त्यांची उजवी पोटरी धरली आणि ऐन हंगामात ते घरी बसले.

"पोत्याचं वझं परवडलं," ते आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत म्हणाले, "पण दिवसभर बायकोचं, सोजरचं आयकणं नाही. मले लवकर सोडा."

डॉक्टरांनी अट घातली होती. मी आणि माझ्या सहकारी ज्योत्स्नानं सोनोग्राफी मशीनवर वेगवेगळं माप घ्यायचं. दोन्ही जुळली आणि पोटरी मऊ निघाली, तरच काम सुरू. हे मशीन स्नायूतून हलकी लहर सोडतं. स्नायू जितका ताठ, तितकी लहर वेगानं पळते.

माझ्या मापात पोटरी मऊ आली. ज्योत्स्नाच्या मापात जवळजवळ दुप्पट ताठ!

"तू मशीनचा प्रोब पायावर जोरात दाबतेस," मी म्हणालो.

"तूच जेल कमी लावलंस."

पेनानं जागा आखली, घोटा एकाच कोनात ठेवला, भरपूर जेल लावलं. पुन्हा तेच.

"पाय त एकच हाय माहा," उकंडराव उठून बसले, "मंग तुमाले दोन काहून दिसून राह्यले?"

तिसऱ्यांदा ज्योत्स्ना माप घेत असताना मी पडद्याऐवजी पायाकडे पाहिलं. तिचा हात टेकताच पायाचा अंगठा आत वळला आणि टाच हळूच मागे सरकली; पोटरी आवळली जात होती.

"उकंडराव, पाय ओढून का घेताय?"

ते ओशाळले. "हे पोरगी मघाशी बोलली, तिच्या मायचं माहेर रिठद हाय. मी बी रिठदचाच. म्हंजे भाची झाली ना माही! भाचीनं मामाच्या पायाले हात लावावा का? मामानं पडावं तिच्या पाया."

ज्योत्स्नानं कपाळावर हात मारला. त्यांना मोकळं वाटावं म्हणूनच तिनं ते सांगितलं होतं.

"मग मला नुसती मॅडम समजा, मामा."

"आता कसं समजू? नातं काय तुहं जेल हाय, पुसलं का गेलं?"

ते लंगडत पलंगावरून उतरले. ज्योत्स्ना "अहो, नको नको" करत भिंतीला टेकली, तरी त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावलाच. मग निवांत आडवे झाले, डोळे मिटले. "कर आता काय करायचं ते."

या वेळी ज्योत्स्नाचा आकडा माझ्या आकड्याला लागून आला. डॉक्टरांनी दोन्ही मापं पाहून मान डोलावली.

उकंडरावांनी तिथूनच बायकोला फोन लावला. "सोजर, सुटलो! उद्यापासून चाललो कामाले. आन येक साडी घेऊन ये इथं. भाची भेटली."

पलीकडून सोजरबाईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "पाय दाखवाले गेले होते का सोयरीक जोडाले?"