ट्रक जाईपर्यंत

पीएचडीसाठी मी डिचोलीतली माझीच शाळा निवडली. खाणीचे ट्रक वर्गाच्या खिडकीला लागून जायचे. ट्रक आला की बाई वाक्य अर्धं सोडून थांबायच्या आणि तो गेला की तिथूनच पुढे शिकवायच्या. आम्हाला त्यात वावगं वाटायचं नाही.

पहिलं प्रकरण वाचून मार्गदर्शक म्हणाले, "तुमचे वडील ट्रकच चालवायचे, तुम्ही त्याच वर्गात शिकलात. तुम्ही तटस्थ कशा राहणार? दुसरा तालुका घ्या."

माझं डोकंच फिरलं. "सर, तुम्ही पणजीत शिकलात आणि पणजीच्याच शाळांवर पीएचडी केलीत. तुम्हाला कुणी तालुका बदलायला सांगितला होता?"

ते मध्येच बोलू लागले, पण मी थांबले नाही. अर्ध्या वाक्यात गप्प होऊन वाट बघण्याचं माझं शिक्षण त्या वर्गातच पुरं झालं होतं.