ट्रॉलीवरचा निळा चौकोन

आष्ट्याच्या आमच्या मामांइतका चौकस माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. उसाचं बेणं घ्यायचं तर मामा आधी त्या जातीचा उभा ऊस बघायला चार गावं पालथी घालणार, कांडी मोडून चाखणार, मुळं उकरणार आणि शेतमालक पुरता वैतागला की मगच बेणं ठरवणार. त्यामुळे मुलगी वैष्णवी बारावी झाली आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंग की कॉम्प्युटर सायन्स, असा प्रश्न घरात उभा राहिला, तेव्हा मामांनी माहितीपत्रकं बाजूला सारली आणि मला मोटरसायकलवर मागे बसवून उभं पीक बघायला निघाले. कराडला इंजिनिअरिंगची मुलं, सांगलीला सायन्सची. मामा कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून शेवटच्या वर्षाच्या मुलांना अडवायचे. "काय रं गड्या, नोकरी लागंल न्हवं?" एक म्हणाला, आम्हाला यंत्राच्या पोटातलंही शिकवतात. दुसरा म्हणाला, आमचा भर गणितावर आणि प्रोग्रॅमवर. नोकरीचं मात्र दोघांनी एकच सांगितलं, काम यायला पाहिजे. "दोन्हीकडचं पीक जोमदार हाय," येताना मामांनी निकाल दिला.

एवढ्या चौकस माणसाने एकाच ठिकाणी घाई केली. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे मुलांची नावं रंगवतात. मामांनी अर्ज भरायच्या आधीच 'इंजिनिअर वैष्णवी' असं रंगवून घेतलं आणि ट्रॉली शेणखत घेऊन गावभर फिरली. अर्जाच्या दिवशी वैष्णवी हळूच म्हणाली, "आबा, मला सायन्सलाच जायचंय. प्रोग्रॅम लिहिण्यातच माझं मन रमतंय."

मामी म्हणाल्या, "आवं, सगळ्या गावानं वाचलंय की!"

मामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "ट्रॉली माझी हाय. शिकायचं तिला हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ब्रश घेऊन 'इंजिनिअर' या शब्दावर निळा रंग मारला. तो ट्रॉलीच्या निळ्यापेक्षा जरा गडद लागला, त्यामुळे चौकोन लांबूनही दिसतो.

आता वैष्णवी पुण्यात प्रोग्रॅम लिहिते. तिचं काम मामा पारावर तासभर समजावतात. त्यातलं निम्मं चूक असतं, पण ऐकताना माझाही ऊर भरून येतो. मागच्या सणाला ती म्हणाली, "आबा, तिथं आता काहीतरी लिहा की."

"एकदा घाई केली मी. आता तुझं तू लिव."

ती हसली आणि संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेली. चौकोन अजून कोराच आहे. ट्रॉली रस्त्याला काढण्यापूर्वी मामा तेवढी जागा फडक्याने पुसून घेतात.