सदर ओल

पाण्याविषयी जितका विचार आमच्या डावीकडच्या शेजाऱ्यांनी केला, तितका माशांनीही कधी केला नसेल. मासे निदान पाण्यात राहतात. हे गृहस्थ, सगळ्या ओळीचे काका, मुंबईतल्या पाणीखात्याच्या एका कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, उभी नोकरी टेबलामागे बसून राहिले, आणि त्यांच्या टेबलावर रोज येऊन पडत होत्या त्या गळतीच्या तक्रारी. एकही पाइप त्यांनी कधी हातात धरला नव्हता. पण कुणाच्या मोरीचं पाणी कुणाच्या देवघरात उतरलं, याच्या इतक्या कहाण्या त्यांनी वाचल्या होत्या की निवृत्त होऊन वाशीला आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा भिंतीकडे नुसतं बघून ते तिचं पोटातलं दुखणं सांगायला लागले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमची बारा बैठ्या घरांची ओळ, प्रत्येकाच्या मागे चार पावलांचं परसदार, आणि दोन परसदारांमध्ये कमरेएवढी भिंत. जमीन मूळची खाजण. वर मुरूम टाकून तिला जमीन म्हणायचं ठरलं होतं, पण हा ठराव तिला कुणी कळवला नव्हता. खाडीला मोठं उधाण आलं की आमची गटारं उलटी वाहत आणि काकांच्या चेहऱ्यावर, लग्नघरात वरपक्ष आल्यावर यावी, तशी लगबग दिसू लागे.

सकाळी सातला ते स्टीलचा पेला उलटा करून सामाईक भिंतीला लावत आणि त्याला कान देऊन उभे राहत. शेजार नवीन असताना माझ्या बायकोनं हे दृश्य खिडकीतून पाहिलं आणि दोन दिवस ती घरात माझ्याशी कुजबुजून बोलत होती. तिसऱ्या दिवशी तिनं धीर करून विचारलं, "काका, काय ऐकताय?" तर म्हणाले, "तुमचं काही नाही हो वहिनी. भिंत काय म्हणते ते बघतोय." कुठंही डबकं दिसलं की बोट बुडवून जिभेवर ठेवायचे आणि निकाल द्यायचे: हे नळाचं, हे खाडीचं, हे कुणीतरी तांदूळ धुतलेलं. काकू कपाळाला हात लावायच्या. एकदा गटाराची वाट शोधण्यासाठी त्यांनी स्वतःच्या मोरीत रंगपंचमीचा उरलेला रंग ओतला. तो त्यांच्या मागच्या नाल्यात निघायला हवा होता. निघाला तिसऱ्या घरी, कढीपत्त्यासाठी खणलेल्या खड्ड्यात. त्या घरच्या आजींनी गुलाबी पाणी पाहून खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. काका तिथं पोचले, बोट बुडवलं, चाखलं आणि हात जोडून उभ्या असलेल्या बायकांना म्हणाले, "चिंता नको. आमच्या मोरीचं आहे."

या माणसानं आयुष्यात स्वतःच्या हातानं एकच गोष्ट बांधली होती. परसदारी, आमच्या भिंतीला लागून, गुडघ्याएवढी उंच सिमेंटची टाकी. तिच्यात त्यांनी गावच्या तळ्यातून आणलेली कमळं लावली होती. त्यांचे वडील रत्नागिरीकडे गवंडी होते. "बापसानं आयुष्यभर भिंती बांधल्या, मी नुसत्या फायली बांधल्या," असं ते म्हणायचे. टाकी बांधायला त्यांना अख्खा महिना लागला. वडिलांची जुनी थापी ट्रंकेतून काढली होती. बनियनवर उकिडवे बसून एकेक वीट अशी ठेवायचे, जणू ती झोपलेली आहे आणि जागी होता कामा नये. पहिलं कमळ उमललं तेव्हा ओळीतल्या बाराही घरांना बोलावणं आलं. आम्ही गेलो, काकूंनी केलेला शिरा खाल्ला आणि फूल पाहिलं. काका मात्र फुलाकडे बघतच नव्हते. टाकीच्या कडेवरून सारखा हात फिरवत होते.

पुढच्या वर्षी माघ महिन्यात, पावसाचा थेंब नसताना, माझ्या परसदारी चिखल झाला. मी लावलेली मिरचीची रोपं कुजली. पायाखाली जमीन पचपच करू लागली. मग भिंतीला बुडापासून ओल चढली. मी भिंतीपलीकडे पाहिलं तर तिथं काठोकाठ भरलेली टाकी. मला आणखी पुरावा नको होता. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे माझं मत मी चांगल्या भाषेत मांडू शकतो, आणि तीच माझी खोड आहे. काकांनी लगेच टाकीत रंग घातला. चार दिवस आम्ही दोघेही माझ्या चिखलाकडे बघत बसलो. रंग आला नाही. मी म्हटलं, "मातीनं शोषला असेल." त्यांनी मान डोलावली आणि जरा चाचरत म्हणाले, "सर, राग मानू नका, तुमच्या छपरावरच्या टाकीतही थोडा टाकून बघूया?"

मला राग आला. फार राग आला. "आमच्या घरात गळती नाही," मी म्हणालो. खरं तर बायको महिनाभर सांगत होती की आपली टाकी दुपारच्या आतच रिकामी होते. आणि मी तिला सांगत होतो की तू कपडे फार खळबळतेस.

मी शेवटी लेखी तक्रार लिहिली. वसाहतीच्या कचेरीत देण्यापूर्वी सभ्यपणा म्हणून एक प्रत भिंतीवरून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचली, आत गेले आणि लाल पेन्सिल घेऊन बाहेर आले.

"सर, तुम्ही 'सदर ओल पसरला आहे' लिहिलंय. ओल स्त्रीलिंगी ना?"

"घाईत राहिलं," मी म्हणालो.

"आणि हे 'उद्दाम शेजारी' काढा. विशेषण दिसलं की साहेब पुढं वाचत नाहीत. भिंतीची लांबी घाला. ओल किती फूट चढली ते घाला." संध्याकाळी त्यांनी ती तक्रार सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून आणून दिली. स्वतःच्या विरुद्ध, मुद्देसूद, खाली माझ्या सहीसाठी जागा सोडून. म्हणाले, "आता जोर आहे तिच्यात."

मी सही केली आणि ती देऊन आलो. हे सांगताना आजही माझी मान वर होत नाही.

कचेरीचा माणूस येण्याआधीच काकांनी निकाल लावला. एका रविवारी घणाचे आवाज आले म्हणून मी बाहेर आलो, तर ते टाकी फोडत होते. कमळं काकूंनी बादलीत काढून ठेवली होती. मला पाहून ते थांबले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "शेजाऱ्याला त्रास देऊन कसली हो कमळं." मी "अहो, एवढं कशाला" असं काहीतरी पुटपुटलो, पण घण अडवायला पुढे झालो नाही. दोनच दिवसांनी नवराबायको शिमग्याला गावी गेली.

टाकी फुटली तरी चिखल तसाच राहिला. आठवडा गेला, दुसरा गेला. मग बायकोनं मला न विचारता घणसोलीहून एका प्लंबरला बोलावलं. त्यानं मागच्या नळाजवळची एक फरशी उचलली, खाली हात घातला आणि सांधा चिमटीत धरून दाखवला. तो पार सडला होता. तो नळ मी स्वतः हौसेनं बसवून घेतला होता. प्लंबर हसून म्हणाला, "साहेब, टेन्शन नको. यो पानी तुमचाच हाय." मी त्याला म्हटलं, शेजारचे यायच्या आत उरक. फरशी पुन्हा तशीच बसवून घेतली. बायको एवढंच बोलली, "ते आले की सांगा." मी हो म्हणालो.

ते आले. माझं परसदार ठणठणीत वाळलं होतं. काका भिंतीशी आले, वाकून माती पाहिली, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात जोडले. "सर, माझीच होती ती. तुम्ही म्हणत होता तेच खरं. माफी करा."

बोलायला वेळ होता. भरपूर वेळ होता. मी म्हणालो, "जाऊ द्या हो काका. होतं असं."

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. त्या दिवशी बायको माझ्याशी बोलली नाही, आणि पुढं बोलू लागली तरी हा विषय तिनं काढला नाही. तिनं काढला असता तर बरं झालं असतं.

काकांचा पेला भिंतीवरून गेला तो गेलाच. डबक्यांच्या कडेनं ते चालत जाऊ लागले. दीड वर्षानं ओळीच्या तोंडाशी बसायला एक ओटा बांधायचं ठरलं. सगळे म्हणाले, काका, तुम्ही उभं राहून बांधून घ्या. ते हसले. "मला नका सांगू. बापसाचा हात माझ्यात उतरला नाही. मी बांधलेलं गळतं." बैठक हसली. मला तिथं बसवेना.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर त्यांच्याकडे गेलो. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: सांधा, फरशी, प्लंबर, त्यांनी जोडलेले हात. सांगताना मी त्यांच्या ओट्यावरच्या रांगोळीच्या ठिपक्यांकडे बघत होतो. ते रागावतील, दार लावून घेतील, निदान एखादा कडक शब्द बोलतील, याची मी तयारी करून आलो होतो. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाले,

"म्हणजे टाकी गळत नव्हती?"

"नाही."

"नक्की ना सर? एक थेंबसुद्धा?"

"एक थेंबसुद्धा नाही."

ते उठले. माझ्याकडे न बघता आत वळून मोठ्यानं म्हणाले, "अगो ऐकलंस काय? आपली टाकी नव्हती गळत! चांगली बांधली होती मी!" त्यांचा आवाज फाटला होता, आणि तोंडभर हसू होतं. काकू दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मला जे हवं होतं ते सगळं होतं, राग धरून. मग त्या आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

काका मला हाताला धरून मागे घेऊन गेले. टाकीच्या जागी आता नुसती सपाट माती होती. ती कुठून कुठवर होती, कोपरा कसा जुळवला होता, शेवटचा हात किती वेळा फिरवला होता, हे ते मला हातवारे करून दाखवत राहिले. मी मान डोलावत राहिलो. चहा आला, निवला, तरी ते सांगतच होते, आणि मी त्यांना थांबवलं नाही.