सड्यावरच्या वाघाचे पाय

मनुबाई आपल्याला कितपत कळली होती, असं कुणी विचारलं असतं तर दत्तात्रेयांना सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांचा शेजार, पण तिचं माहेर कोणतं हेसुद्धा त्यांना ती गेल्यावर समजलं. एवढं मात्र ठाऊक होतं, की बोर्ली पंचतनच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या उघड्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, तिचा वाघ होता.

वाघ म्हणजे कातळात कोरलेलं जुनं चित्र, माणसाहून लांब. कुणी कोरलं, कधी, कुणालाच माहीत नाही. दरसाल दिवाळीच्या सुमारास, वाघबारशीच्या सणाला मनुबाई त्याच्या रेघांत चुना भरी, दिवा लावी आणि गुरं राखायला सांगून येई. वाडीत आता गुरंच उरली नव्हती. पोरं तिला ‘वाघीण’ म्हणून चिडवत. तरी तिनं नेम मोडला नाही.

मग दत्तात्रेयांची पुतणी शिवानी कातळशिल्पं अभ्यासणाऱ्या मंडळींबरोबर आली. त्यांनी ड्रोन उडवला, सगळ्या बाजूंनी शेकडो फोटो काढले. संगणकानं ते जोडले, चुन्याचा रंग काढून टाकला आणि दगड जिथं खरोखर कोरलाय तेवढाच निळा दाखवला.

मनुबाईच्या ओटीवर बसून शिवानीनं ते चित्र तिच्यापुढे धरलं.

“आजी, हे चार पाय कोरलेले नाहीत. दगडाच्या भेगा आहेत, त्यांत चुना भरलाय.”

“सासूनं भरला. मी आपली गिरवत आले. मंग बिनपायाचा वाघ व्हय ह्यो?”

“वाघच नाही, आजी. मासा आहे. हे पर, ही शेपटी.”

दत्तात्रेयांनी मान खाली घातली. हिचा देवच गेला, असं त्यांना वाटलं.

मनुबाईनं चित्र डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाली, “एवढा चढ चढून कुणी मासा काढलान? भुकेला असंल बिचारा.”

शिवानी हसली. “पण आता चुना नका भरू. खऱ्या रेघा बुजतात.”

“चुना न्हाय तर माझा देव दिसायचा कसा?”

“ऊन तिरपं पडलं की दिसतो.”

मनुबाईनं चित्र शिवानीला परत दिलं.

त्या वाघबारशीला दत्तात्रेय नारळ घेऊन तिच्याबरोबर सड्यावर गेले. चुन्याचा डबा तिनं आणला नव्हता. दिवस मावळतीला आला होता, ऊन तिरपं झालं होतं. पणती हातात धरून ती वाकली आणि कातळावर बोटं फिरवत शेपटी शोधू लागली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती लेकीकडे माणगावला गेली, ती परत आलीच नाही. दोघांचं शेवटचं बोलणं झालं ते तिथं सड्यावरच.

“भावजी, उजेडातनं सरा जरा.”

“सरलो, वयनी.”