बाकड्याचं मत

देवळीच्या बाजारात दात काढणाऱ्या डॉक्टरचा मला कधी भरवसा वाटला नाही. फार गोड बोलायचा. रोग्याचं तोंड उघडं ठेवून तो बाकड्यावर बसलेल्या बाजारकऱ्यांना विचारायचा, "बोला पंचहो, काढाचा का ठेवाचा?"

"काढा!" ते एका सुरात म्हणत.

"पाहा, मी नाई म्हटलं. पंचायनं म्हटलं." आणि चिमटा उचलायचा. माझी दाढ अशीच गेली.

एका बाजाराला त्याचाच गाल टम्म सुजलेला. मी बाकड्याकडे वळून विचारलं, "बोला, डॉक्टरसाहेबाचा दात काढाचा का ठेवाचा?"

"काढा!"

त्याने तोंडातली लवंग दुखऱ्या दाढेखाली सरकवली आणि बाकड्याकडे बोट दाखवत मला शांतपणे म्हणाला, "यायले दातातलं काय समजते?"

माझी जीभ आपोआप रिकाम्या जागेकडे गेली.