एकट्याची कॅसेट आणि मधली जागा

"बुवा, या कॅसेटी परत न्या. तिसरं गिऱ्हाईक भांडून गेलं. मधेमधे तुमचा आवाजच जातो."

शहापूरच्या दुकानदारानं माझा फोटो छापलेल्या कॅसेटींचा गठ्ठा काउंटरवर आपटला.

"आवाज जात नाय. ती जागा मी सोडलीय."

"कोणासाठी?"

"झीलवाल्यांसाठी," मी म्हटलं. तोंडाला आलं ते बोललो.

आमच्याकडं गौरीच्या नाचात पुढं गाणारा ओळ टाकतो, फेरातले तीच ओळ उचलतात. त्या उचलण्याला झील म्हणतात. वीस वर्षं मी ओळ टाकली. गाणी माझी, चाली माझ्या, नाव मात्र पार्टीचं. म्हणून पार्टी सोडली आणि कल्याणच्या स्टुडिओत एकट्याची कॅसेट केली. माझी ढोलकी, त्यांची इलेक्ट्रिक गिटार.

रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "काका, मधे खाली वाटतं. कोरस टाकू."

"एकट्याची म्हणजे एकट्याची."

पण ओळ संपली की थांबायची गळ्याची सवय मोडेना. तेवढा वेळ नुसती गिटार वाजायची. मला बरं वाटलं. मी चौथी नापास, पण गाण्यातलं मला कोणी शिकवायचं नाय.

दुकानदार म्हणाला, "गौरीपर्यंत ठेवतो. नाय खपल्या तर भोकाला चिकटपट्टी लावून वर दुसरी गाणी भरीन."

म्हणजे माझी गाणी पुसणार. माझ्याकडं ती कागदावरपण नव्हती. तरी कोरस टाकून देतो, असं मी म्हटलं नाय.

गौरीच्या दिवशी बायको म्हणाली, "तुमची पार्टी धसईला टेपवर नाचतेय. बघून तरी या."

गेलो. ओट्यावर टेप. टेपमधला मी ओळ टाकतोय, गिटार वाजतेय, आणि नेमकं तेवढ्या वेळात फेर ती ओळ उचलतोय. फेरात बायकापण होत्या. धरणाचं पाणी आमच्या दारावरून मुंबईला जातं, ते गाणं मी बसून ऐकायला केलेलं. तेपण नाचून काढलं.

जुना ढोलकीवाला गणपत ओरडला, "ये रे! पुढं तूच गातोस, आता मागं झील दे."

"माझ्या गाण्याला मीच?"

"मग काय, नुसता उभा राहून फोटो काढून घेतोस?"

दिली झील. काय करणार.

दसऱ्याच्या आत गठ्ठा संपला. दुकानदार म्हणाला, "बुवा, दुसरी काढा. पण मधली जागा ठेवा." मी काढली, ठेवली.

धरणाचं गाणं बसून ऐकलं म्हणणारा मात्र आजवर एक भेटला नाय. एकट्याचं गाणं करायचं तर आधी ऐकणाऱ्याला गप्प बसवता आलं पाहिजे. शहापूर-मुरबाडात ते कोणाला जमलेलं मी तरी पाहिलं नाय.