डिकीवर मारलेल्या दोन थापा

विहीणबाईंना आणायला आम्ही नांदेडच्या विमानतळावर गाडी घेऊन गेलो. गाडी विहीणबाईंना घेऊन वेळेवर निघाली. मी तिथंच राहिले.

आता गाडी मीच ठरवलेली, विहीण माझी, आणि ‘वेळेवर निघायचं’ म्हणून तंबी दिलेलीही मीच. त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी सापडत नाही. (मी शोधलं.)

झालं असं की माझी लेक कीर्ती पुण्यात दिलेली. तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्या पूर्णेत विचारण्यासारखं काही नसतं. पण कीर्तीच्या सासूबाई, वंदनाताई, एका मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी फोनवर अगदी शांत आवाजात सांगितलं, “पाठवायला माझी ना नाही. पण आधी मी स्वतः येऊन सोय बघीन. पटली तर पाठवीन.”

मी जन्मभर झेडपीच्या शाळेत शिकवलं. तपासणीला साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी काय धांदल उडते ते मला ठाऊक आहे. पण त्या साहेबांच्या हातात फार तर माझी बदली होती. या बाईंच्या हातात माझी लेक होती! त्यातून त्यांचा गुडघा दुखरा, हातात काठी. म्हणून त्या विमानानं नांदेडपर्यंत येणार आणि पुढं पूर्णेपर्यंत आम्ही आणायचं, असं ठरलं.

कीर्ती म्हणाली, “आई, मी इथूनच मोबाईलवर गाडी बुक करते. ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन दारात उभा राहतो. सरळ घरी आणून सोडतो.”

“वा गं! कोण कुठला माणूस तुझ्या सासूला आणणार, आणि विहीण घरात बसून वाट बघणार? काय म्हणतील त्या?”

“आई, त्या काहीच म्हणणार नाहीत. त्यांना फक्त पाय लांब करायला जागा पाहिजे.”

जागेचं मात्र मी मनावर घेतलं. स्टेशनाबाहेरच्या जावेदभाईंची चांगली सात जणांची गाडी ठरवली. एसी चालू पाहिजे, सीटवर धुतलेल्या खोळी पाहिजेत, असं बजावलं. जावेदभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मॅडम, जाताना गाडी रिकामीच जायची का?”

“रिकामी कशी? मी आहे ना!”

त्यांनी माझ्याकडे फार दयेनं बघितलं.

त्या नजरेचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. आमच्या भागात गाडीतली मोकळी जागा कुणाला बघवत नाही. वाया चाललेल्या अन्नाकडे बघावं तसं लोक तिच्याकडे बघतात. गाडी दारात लागली आणि शेजारच्या शोभाताई पिशवी घेऊनच बाहेर आल्या. “बाई, नांदेडला जायलाव म्हणं? मला बाजारात सोडा की. घरघंटी बघायची हाय. येताना मी येते रेल्वेनं.”

येताना रेल्वेनं येणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

तोवर आमचे हे पुढच्या सीटवर बसलेले होते. हे रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण रिक्षासुद्धा यांनी मागं बघून हात हलवल्याशिवाय जागची हलत नाही. खिशात हिरवी झेंडी. (घरात कुणीही गावाला निघालं की ती बाहेर येते. मी बाजाराला निघाले तरी येते!)

“अहो, तुम्ही कुठं?”

“गाडीबरोबर गार्ड नको का? येताना मी येतो रेल्वेनं.”

चुडाव्याला यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं, घर अगदी रस्त्यावर. तिथं अक्का रस्त्याच्या मधोमध उभ्या! शेजारी दाजी, नवीन टोपी घालून. त्यांच्यामागं उसाची मोळी आणि हरभऱ्याच्या ढाळ्यांचा भारा.

“सुनंदे, विहीण पहिल्यांदा यायलीय. रिकाम्या हातानं आणतीस का तिला?”

“अहो अक्का, हे घरी आल्यावर देऊ की!”

“घरी तू देशील. आमी इमानापाशीच देणार. आन् तुझ्या दाजीला इमान उतरताना बघायचं हाय. डोक्यावरून लय जातेत, उतरताना एक बी बघितलं न्हाई त्यांनी. येताना येतो की आमी रेल्वेनं!”

मोळी डिकीतून आत घातली तर शेंडे बाहेर राहिले. डिकी सुतळीनं बांधली. जावेदभाई नुसते, “फिकीर नको मॅडम, सब बैठते,” असं म्हणत होते. त्यांच्या धुतलेल्या खोळीवर ढाळ्यांची माती पडायला सुरुवात झाली होती.

शोभाताईंना बाजारात उतरवलं, तेव्हा एक माणूस तरी कमी झालं म्हणून मी मनातल्या मनात हुश्श केलं.

विमानतळावर दाजींनी उतरणारं विमान बघितलं आणि टोपी काढून पुन्हा घातली. विमान उभं राहिल्यावर यांनी बाहेरून कुंपणापाशी हिरवी झेंडी दाखवली. दारावरचा जवान धावत आला. “काका, हे काय?”

“काही नाही. व्यवस्थित आलं, म्हणून.”

मी तोंड फिरवून उभी राहिले. आणि नेमक्या तेव्हाच वंदनाताई बाहेर आल्या. फिकट साडी, हातात काठी, बरोबर एकच लहान बॅग. मी पुढं होऊन “जय भीम” केला. त्यांनीही “जय भीम, ताई” म्हणून माझा हात धरला. पण नजर माझ्या मागं गेलेली. तिथं अक्का पदर खोचून ऊस घेऊन उभ्या होत्या.

“घ्या ईनबाई! आमच्या मळ्यातला हाय!”

दवाखान्यात कितीतरी गोष्टी बघितलेल्या त्या बाईंनी ऊस घेतला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ऊस. मग त्यांनी विचारलं, “हे सगळे आपल्याचबरोबर आहेत?”

“नाही नाही, हे सगळे रेल्वेनं जाणारेत,” मी घाईनं म्हटलं.

“कोण म्हणलं?” अक्का कडाडल्या. “पाव्हणी गाडीत आन् आमी रेल्वेत? बरं दिसतं का ते? घरापत्तुर सोडल्याबिगर कसं जावं?”

हे आणि दाजी आधीच गाडीत बसले होते. त्यांनाही ते बरं दिसत नव्हतं. एवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली आणि तिच्यातून शोभाताई उतरल्या. मागोमाग घरघंटीचं खोकं उतरलं. पिठाची गिरणी! कपाटाएवढी!

“बाई, सापडलाव बघा! ही मी एकटी रेल्वेत कशी चढवू ओ?”

आता सगळ्यांच्या लक्षात आलं की पाहुणीला जागाच नाही. त्याबरोबर सगळे एकदम उतरले. “तुमी बसा!” “न्हाई, तुमी बसा, मी उभा ऱ्हातो!” (गाडीत उभा!) खोकं उतरलं, मोळी उतरली, ढाळे उतरले. मग खोकं चढलं, मोळी चढली, ढाळे पायाशी गेले आणि आपला गुडघा सरळ ठेवून वंदनाताई पुढच्या सीटवर बसल्या. मधल्या रांगेत अक्का, शोभाताई आणि हे. मागं खोकं आणि खोक्याला कवटाळून दाजी. वंदनाताईंची काठी माझ्या हातात आणि माझी पर्स, मोबाईलसकट, अक्कांच्या मांडीवर.

मी मागं जाऊन डिकी बघितली. सुतळी सैल वाटली. आवळून बांधली आणि घट्ट बसली का, हे बघायला डिकीवर दोन थापा मारल्या.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे जीपवर मागून दोन थापा पडल्या की त्याचा अर्थ एकच असतो. माणसं भरली, निघा. जावेदभाईंची उमर जीप चालवण्यात गेलेली. त्यांनी मागं बघितलंसुद्धा नाही. आणि यांचा हात खिडकीतून बाहेर आला. त्यात हिरवी झेंडी होती!

“अहो! थांबा! अहो!”

गाडी वळली. उसाचे शेंडे मला टाटा करत गेले.

मी काठी उगारून धावले. त्या काठीकडे बघून लोक बाजूला झाले, एवढाच फायदा झाला. मग मी तिथंच बाकावर बसले आणि मला खरंच रडू आलं. राहिल्याचं नव्हे. पूर्णा काही लांब नाही. पण त्या गाडीत वंदनाताई अशा दाटीवाटीत, मातीत, पायाशी ढाळे घेऊन बसलेल्या, आणि सोय बघायला आलेल्या! कीर्तीला आता ही बाई कशाला पाठवते? सातव्या महिन्यातली लेक माझ्या डोळ्यांपुढं आली. तिच्यासाठी मी वरची खोली रंगवून घेतली होती.

दारावरचा जवान पुन्हा आला. “मावशी, कुणाला घ्यायला आला होतात?”

“ज्यांना घ्यायला आले, त्या गेल्या.”

तो बिचारा पाणी घेऊन आला.

शेजारी एक म्हातारं जोडपं उभं होतं. त्यांच्यासमोर नावाची पाटी धरलेला ड्रायव्हर आणि मोबाईलवर बुक केलेली लखलखीत गाडी. बाईंनी विचारलं, “कामून रडायलाव ओ?” मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांचे यजमान ऊस आणि झेंडीचं ऐकताना तोंड फिरवून हसले, ते मला दिसलं.

“आमी ताडकळसला चाललाव, पूर्णेहूनच. या, बसा. गाडी रिकामीच हाय की!”

त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. आजही मी त्यांची आठवण काढते. पाय लांब करून बसले मी त्या गाडीत. एसी चालू होता. इतकी मोकळी जागा बघून मला, खोटं कशाला सांगू, जरा कसंतरीच वाटलं. आणखी दोघं सहज मावली असती.

चुडावा आला आणि मी ओरडले, “थांबवा! थांबवा!”

अक्कांच्या दारात आमची गाडी उभी होती. तोंड नांदेडकडे. उघड्या दारांशी भांडण चाललेलं. वंदनाताई बाहेर बाजेवर बसून दोन्ही हात वर करून सांगत होत्या, “अहो, सगळे उतरा! गाडी रिकामी गेली तरच ताईंना येताना जागा मिळेल!”

“मी न्हाई उतरत!” अक्का आतून. “माझी भावजय हाय ती! एकटी बसली आसंल!”

“माझ्यामुळं राहिल्या बाई. मला गेलंच पाहिजे,” शोभाताई.

“चूक गार्डची आहे,” हे. इतका पडलेला आवाज मी यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

दाजी काही म्हणत नव्हते. ते खोक्यामागं अडकले होते.

पुढच्यांना वाटलं मी मागं बसलेय, मागच्यांना वाटलं मध्ये. अक्कांकडे चहाला थांबले, वंदनाताई उतरायला लागल्या आणि त्यांनी काठी मागितली, तेव्हा मी नसल्याचा शोध लागला! आणि मला आणायला पुन्हा सगळेच्या सगळे निघाले होते. म्हणजे मी परत येताना पुन्हा डिकीशीच!

मी लखलखीत गाडीतून उतरले, काठी पुढं केली. “विहीणबाई, माफ करा. फार हाल झाले तुमचे.”

वंदनाताईंनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग खिडकीतून बाहेर आलेल्या यांच्या झेंडीकडे. आणि त्या हसायला लागल्या. काठी टेकवून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. अक्का घाबरून गाडीतून उतरल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

पूर्णेत दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखाना बघितला, डॉक्टरीणबाईंना चार नेमके प्रश्न विचारले, वरची खोली बघितली, जिन्याला कठडा लावायला सांगितला. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “ताई, दवाखाना पुण्यातही चांगला मिळेल. पण बाळंतिणीजवळ बसायला माणूस मिळत नाही, हे मी आयुष्यभर बघितलंय. तुमच्याकडे एक माणूस मागं राहिलं तर चौघं परत जायला भांडतात. कीर्तीला पाठवते मी.”

मी त्यांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. सोडलाच नाही.

“फक्त गाडी,” त्या म्हणाल्या, “मी बुक करीन.”

त्यांनी केली. कीर्ती आली. कठडा धरून जिना चढली, उतरली, आणि आम्हाला नात झाली. अक्का चुडाव्याहून येऊन राहिल्या. शोभाताईंनी नवीन घरघंटीवर डिंकाच्या लाडवांसाठी पीठ दळून दिलं. जावेदभाई रोज दारावरून जाताना ‘बच्ची कैसी है’ विचारून जायचे. कुणाकुणाचे उपकार मानू, असं झालं होतं मला.

नातीला बघायला वंदनाताई पुण्याहून आल्या आणि तिला दवाखान्यातून घरी आणायची गाडीही त्यांनीच ठरवली. सगळे बाळ कुणी घ्यायचं यावर बोलत पायरीशी उभे होते. वंदनाताईंनी गाडीचं दार उघडलं आणि आत बघून दचकल्या.

“ताई, बाळ अजून यायचंय. तुम्ही कधीच्या बसलात?”

“मी? मी सकाळपासूनच बसलेय!”